पंप वाजवणारे बुलबुल

माझ्या भावाला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, आणि तो शाळेत लहान मुलांना संगीत शिकवतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मी थांबते. आमच्या घरात ह्या गोष्टीवर मोठ्याने हसायची सोय नव्हती, कारण ती तिघांनाच ठाऊक होती: त्याला, मला आणि कानाच्या डॉक्टरांना.

तो माझ्यापेक्षा धाकटा, पण आता पन्नाशी ओलांडलेला. त्याने लग्न केलं नाही. मी केलं, पण नवरा लवकर गेला. बरीच वर्षं आम्ही दोघं एकाच छपराखाली एकमेकांना सहन करतो. पुढच्या खोलीत माझं शिलाईचं मशीन, मागच्या खोलीत त्याचा पसारा. मी दिवसभर लोकांचे कपडे शिवते आणि शिवता शिवता पुटपुटते. पुटपुटण्याचा विषय बहुतेक वेळा तोच असतो.

तरुणपणी हा सर्कशीच्या बँडमध्ये होता. मोठा ढोल आणि पितळी झांजा. एका कानाशी झांजा, दुसऱ्या कानाशी ट्रम्पेटवाला, आणि पाठीमागे हत्ती. वर्षानुवर्षं हेच. मग सर्कस बुडाली, तंबू विकला गेला, हत्तींना प्राणिसंग्रहालयाने नेलं आणि ह्याला मी. हत्तींची सोय आधी झाली, असं मी तेव्हा तोंडावर म्हटलं होतं. तो म्हणाला, "त्यांना मागणी असते गं ताई."

पुढे शाळेत लागला. अगदी लहान वर्गांना, नाक पुसायला शिकवावं लागतं त्या वयाच्या पोरांना. पोरं त्याला ढुमसर म्हणतात. शाळेत वाद्यं म्हणावीत तर एक फुटका ढोल आणि एक तारा तुटलेली गिटार. मग ह्याने वाद्यं कुठून आणली? माझ्या स्वयंपाकघरातून! चाळणी गेली, झाकणं गेली, लाटणं गेलं. एकदा पाहुणे जेवायला बसले आणि मोठं पातेलं कुठे म्हणून शोधते, तर ते वर्गात विजा कडाडायला गेलेलं.

पण पोरांचा त्याच्यावर जीव, हे मला कबूल करावंच लागेल. तो कधी कुणाला गप्प बसवत नाही. "काय ऐकलंस? मला करून दाखव," एवढंच विचारतो. मग उकिडवा बसून त्या पोराचे हात बघतो, ओठ बघतो, डब्यावर स्वतःचा तळवा ठेवतो. आईबाप म्हणायचे, बघा किती जीव ओतून शिकवतात सर! जीव कसला ओततोय, त्याला आवाजच येत नव्हता. तो डोळ्यांनी आणि तळव्याने भागवत होता.

डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. "जाडे आवाज शाबूत आहेत, बारीक गेलेत. मशीन लावा कानात."

"नको," हा म्हणाला.

घरी आल्यावर मी फैलावर घेतलं. "अरे, मी चष्मा लावून शिवते. मला कुणी कामावरून काढलं का?"

"तुझं वेगळं आहे. संगीताच्या मास्तराच्या कानात मशीन दिसलं ना, की दुसऱ्या दिवशी घरी. दरवर्षी माझी नेमणूक नव्याने होते, विसरलीस? ह्या वयात मला दुसरं कोण घेणार? आणि ताई, नोकरीचं एक वेळ जाऊ दे. ही पोरं गेली तर मी दिवसभर करू काय?"

मी शिवायला बसले. मी पुटपुटले, आणि ते त्याला अर्थातच ऐकू गेलं नाही.

ह्या वर्षी शाळेत नवीन मोठ्या बाई आल्या. उंच, ताठ, इस्त्रीची घडी न मोडणाऱ्या. पण आवाज म्हणाल तर तान्ह्या बाळाचं रबरी खेळणं दाबल्यावर निघतो तसा. म्हणजे माझ्या भावाच्या दृष्टीने बाई नुसते ओठ हलवत होत्या. त्यांनी ह्याला खोलीत बोलावलं आणि बराच वेळ ओठ हलवले. हा प्रत्येक वेळी मान डोलवत राहिला. "हो बाई. जरूर बाई. आनंदाने बाई."

घरी येऊन मला म्हणतो, "बाई खूश दिसल्या."

"काय म्हणाल्या?"

"ते नाही कळलं. पण खूश होत्या."

मी कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या दिवशी शाळेचा शिपाई दारात हजर, हातात कापडाचे तागे. पिवळं, तपकिरी, काळं, आणि चोचींसाठी नारिंगी. ह्या शिपायाचा आवाज तळघरातून आल्यासारखा, त्यामुळे त्याचं आणि माझ्या भावाचं फार जमतं.

"पक्ष्यांचे कपडे शिवायचेत," शिपाई म्हणाला. "वार्षिक कार्यक्रमाला. सरांनी कबूल केलंय."

"मी?" भाऊ म्हणाला.

"तुम्हीच. पोरं गावाकडच्या आवाजांचं संगीत वाजवणार. कोकीळ, बुलबुल, चिमण्या, रातकिडे, झऱ्याची झुळझुळ. संस्थेचे अध्यक्ष येणारेत. कार्यक्रम झकास झाला तर तुम्ही कायम. नाही झाला तर संगीताचा तास बंद, वर्गात गाणी लावायचं यंत्र आणायचं. तुम्ही तर म्हणे 'आनंदाने' म्हणालात!"

शिपाई गेल्यावर भाऊ खाली ताग्यावरच बसला.

"झऱ्याची झुळझुळ," तो म्हणाला. "ताई, ह्यात एकसुद्धा जाडा आवाज नाही गं."

"आणखी डोलव मान!" मी म्हटलं. पण त्याचं तोंड बघवेना. मी त्याला चहा करून दिला, आणि मग परत रागावले.

शेवटी त्यानेच वाट काढली. पोरांना गावाकडे न्यायचं. तीच ऐकतील, तीच ह्याला करून दाखवतील, तीच वाजवतील. ह्याने फक्त समोर उभं राहून हात हलवायचे. शाळेला दूध घालणाऱ्याचं गावाबाहेर शेत होतं, त्याने या म्हटलं. लहान पोरं असल्यामुळे बरोबर एक बाईमाणूस हवं होतं, म्हणून मला ओढलं. मीही गेले, कारण ह्याला एकटं सोडणं म्हणजे नवं काहीतरी कबूल करून येणार.

शेतावर पोचल्याबरोबर बसच्या ड्रायव्हरने झाडाखाली ताणून दिली. पोरं बांधावर ओळीने बसली, डोळे गच्च मिटून. "कान उघडे ठेवा. प्रत्येकाने एक आवाज पकडायचा आणि मला आणून द्यायचा," भावाने सांगितलं. इतकी शांतता त्या पोरांनी कधी शाळेत पाळली नसेल. आणि काय सुंदर आवाज होते हो! पानांमागे कुठला तरी पक्षी शीळ घालत होता, गवतात किडे किरकिरत होते, पाटातून पाणी वाहत होतं. मला छान वाटलं, पण शेजारी माझा भाऊ ह्या सगळ्यात एखाद्या बंद खोलीत असल्यासारखा उभा होता.

पहिली आली ती टाचणी. हे नाव माझं. पोर तशीच, काडीसारखी बारीक आणि टोचणारी, आवाजही तसाच. तिने केसांतला कंगवा काढला, दातांवरून नख फिरवलं आणि हुबेहूब किडा काढला. मी तर पायाखाली बघितलं.

भाऊ तिच्या बोटांकडे बघत म्हणाला, "वा, छान! आता जरा जोरात."

टाचणीने नख जोरात फिरवलं.

"आणखी जोरात."

"सर," टाचणी म्हणाली, "आता तर मी जोरातच वाजवलं."

हेही त्याला ऐकू गेलं नाही. "शाब्बास," तो म्हणाला. टाचणी त्याच्याकडे बघत राहिली. तिच्यामागे भोपळ्या उभा होता, गालफुगा, सदा भुकेला. तोही बघायला लागला.

इतक्यात दूधवाल्याने विहिरीवरचा पंप सुरू करायला घेतला. पंप काही ऐकेना. भक, भक, भक, आणि गप्प. दूधवाल्याने त्याच्या खानदानाचा उद्धार केला. परत भक, भक, भक. गोठ्यातला बैल ओरडला. दूधवाल्याची बायको घरातून ओरडली, "त्या पंपाला शिव्या देऊ नका, पोरं आहेत!" आणि झाडाखाली ड्रायव्हरने घोरायला घेतलं.

माझ्या भावाचा चेहरा असा उजळला म्हणता! "अरे ऐका, ऐका! हा पंप बघा कसा ठेका धरतोय! आणि बैल बरोबर समेवर आला की नाही? वा रे माझ्या राजा!" तो हात वर करून पंपाला, बैलाला आणि ड्रायव्हरच्या घोरण्याला इशारे द्यायला लागला. पोरं खिदळत त्याच्या भोवती गोळा झाली. सर्कशीतही तो इतका खुलला नसेल.

परतताना बसमध्ये तो पुढे बसला, मी बाजूला. टाचणी त्याच्या बरोबर मागे होती. तिने गवताचं पातं दोन अंगठ्यांत धरून फुंकलं. कान फाटेल असा आवाज. हा खिडकीबाहेर बघत बसलेला. मग भोपळ्याने डबा सीटवर आपटला. हा लगेच वळला, "काय रे, भूक लागली?" तो पुढे बघायला लागल्यावर पुन्हा पातं. काही नाही. पुन्हा डबा. हा वळला. मागच्या सगळ्या बाकांवरच्या पोरांनी एकमेकांकडे बघितलं.

 मी मागे वळून टाचणीच्या कानाशी लागले. "कुणाला सांगायचं नाही हं."

"काय सांगायचं नाही?" तिने खणखणीत विचारलं.

आता हिला काय सांगणार?  ह्या वयाच्या पोरांच्या पोटात काही राहत नाही. घरी आई कुणाशी भांडली, बाबा कुठे पडले, सगळं वर्गात येतं. आज ना उद्या ही बातमी मोठ्या बाईंच्या खोलीत जाणार, म्हणून मी रोज संध्याकाळी भावाचा चेहरा वाचायची. पण कसचं काय, हा रोज हसतच घरी. "पोरांना पंपाचं वेड लागलंय," म्हणायचा. "मी म्हणतो, अरे कोकीळ घ्या, बाईंना कोकीळ हवाय. तर म्हणतात, नको सर, आम्ही बसवतो, तुम्ही फक्त हात हलवा."

"आणि तू ऐकून घेतोस?"

"मला तरी कुठे कोकीळ तपासता येतोय?" तो म्हणाला. "असेल तो मध्ये कुठेतरी. मला ऐकू आला नाही म्हणजे नाहीच, असं थोडंच आहे?"

मी इकडे चोची शिवत होते. चोची शिवणं म्हणजे काय असतं हे ज्याने शिवल्यात त्यालाच कळेल. टोक ताठ हवं, पण पोराच्या डोळ्यात जायला नको, आणि पंख असे की हात हलले पाहिजेत. माझ्या मानेचा काटा ढिला झाला. पण शेवटचा बुलबुल उभा केला तेव्हा मीच त्याच्याकडे बघत बसले, इतका देखणा झाला होता.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल गच्च भरला. पहिल्या रांगेत अध्यक्ष, शेजारी मोठ्या बाई. मी पडद्याच्या कडेला सुईदोरा घेऊन उभी, कुणाचं शेपूट सुटलं तर. पडदा वर गेला आणि लोकांनी माझ्या पक्ष्यांना बघून टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाई प्रसन्न. भाऊ ढोलाशी उभा, घामाघूम. त्याने हात वर केले.

आणि पक्ष्यांनी पंप सुरू केला.

बादल्या, पत्र्याचे डबे, माझं पातेलं. भक, भक, भक, आणि गप्प. भोपळ्या, म्हणजे आमचा कोकीळ, पाण्याच्या नळीत तोंड घालून बैलासारखा असा हंबरला की पहिल्या रांगेतलं एक तान्हं रडायला लागलं. दोन चिमण्या पुठ्ठ्याच्या नळकांड्यांतून घोरायला लागल्या, आणि मागच्या दाराशी उभा असलेला बसचा ड्रायव्हर मोठ्याने म्हणाला, "हे माझं आहे!" एक मैना रिकाम्या डब्यात तोंड घालून ओरडली, "पोरं आहेत!" सगळं ठेक्यात, सगळं एकमेकांत बसलेलं, आणि भाऊ मधोमध ढोल घुमवत होता, डोळे मिटून. लोक आधी गोंधळले, मग हसले, मग पायांनी ठेका धरायला लागले. पण शीळ नाही, किलबिल नाही, किडा नाही, झरा नाही. नावाला नाही!

वाजवणं संपलं तशा मोठ्या बाई मंचावर आल्या. लोक टाळ्या वाजवत होते, पण बाईंचा चेहरा ताठ. त्यांनी माइक हातात घेतला. "बाळांनो, छान. पण पक्षी कुठे आहेत?" मग समोरच्या टाचणीकडे वळल्या. "तू कोण आहेस?"

"बुलबुल."

"मग बुलबुल काय करतो?"

"पंप," टाचणी म्हणाली.

हॉल हसला. बाई हसल्या नाहीत. "का बरं? सरांनी असं शिकवलं?"

मी सुई कुठे टोचली कुणास ठाऊक, बोटातून रक्त आलं.

"नाही," टाचणी माइकमध्ये म्हणाली, आपल्या त्या काडीसारख्या आवाजात. "सरांना बारीक आवाज ऐकूच येत नाहीत. किड्याचा येत नाही, शिळेचा येत नाही. मग आम्ही ते वाजवलं असतं तर सर एकटेच राहिले असते ना? म्हणून आम्ही सगळे जाडेच घेतले."

एवढ्या भरलेल्या हॉलातल्या सगळ्या माना ढोलाकडे वळल्या. आणि ज्याच्याविषयी ती बोलली तो माझा भाऊ तेवढा हसतमुखाने उभा होता. त्याला वाटलं, पोरगी बुलबुलाची माहिती सांगतेय. लोक आपल्याकडे का बघतात कळेना, तेव्हा त्याने सर्कशीतल्यासारखा वाकून नमस्कार केला. मग हळूच माझ्याकडे सरकून विचारलं, "काय म्हणाली गं ती?"

आता त्याच्याशी हळू बोलून उपयोग नसतो. मी पडद्याच्या कडेवरून, जाड्या आवाजात, सगळ्या हॉलला दुसऱ्यांदा ऐकू जाईल असं सांगितलं. "ती म्हणाली, तुला ऐकू येत नाही. आणि तू एकटा पडू नयेस म्हणून त्यांनी तुला ऐकू येतील तेवढेच आवाज वाजवले."

त्याने पोरांकडे बघितलं. चोची वर करून सगळी त्याच्याकडे बघत होती. तो ढोलाच्या कडेवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला भयंकर राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं, आणि मी रडत होते.

 मोठ्या बाईंनी माइक बाजूला ठेवला, त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि घसा खाकरला. त्या इस्त्रीच्या घडीतून, त्या रबरी खेळण्याच्या गळ्यातून, बाईंनी पोटातून ओढून असा काही घोगरा आवाज काढला की भोपळ्याचा बैल बरा!

"सर," बाई म्हणाल्या, "आता येतंय का ऐकू?"

"येतंय बाई," भाऊ म्हणाला. त्याने त्यांचा आवाज पहिल्यांदाच ऐकला होता.

"मग पुन्हा एकदा होऊ द्या. पंपापासून."

हॉल असा हसला आणि असा टाळ्या वाजवत सुटला की काही विचारू नका. अध्यक्ष दुसऱ्या वेळी पायाने ठेका धरत होते, मी स्वतः बघितलं. कार्यक्रमानंतर बाईंनी त्याला त्याच घोगऱ्या आवाजात सांगितलं की नोकरी कायम, पण मशीन लावून या, कारण मला रोज असं बोलणं जमणार नाही.

मशीन लावलं. पहिले काही दिवस घरात नुसता छळ. "ताई, तुझ्या मशीनला तेल नाही का गं? ताई, नळ गळतोय. ताई, ढोल नेताना दार अडवलं म्हणून मला हत्ती म्हणालीस ना आत्ता?" इतकी वर्षं मी बिनधास्त पुटपुटले, आता माझ्याच घरात मला तोंड मिटून शिवावं लागतं.

पंखांची शिवण उसवली होती म्हणून मी एकदा वर्गात गेले होते. तेव्हाच टाचणी उठली. "सर, आता ऐकू येतं?"

"येतं."

"सगळं?"

"बघू या."

 टाचणीने केसांतला कंगवा काढला आणि दातांवरून नख फिरवलं. तिने तो किडा शेतावरून आल्यापासून राखून ठेवला होता, कुणाला दाखवला नव्हता. भावाने मान तिरकी केली. या वेळी त्याने तिच्या बोटांकडे बघितलं नाही. तो डोळे मिटून ऐकत राहिला, कितीतरी वेळ. मी हातातला पंख गच्च धरला.

मग त्याने डोळे उघडले.

"मध्ये घाई करतेस," तो म्हणाला. "ठेका सुटला. पुन्हा वाजव."

टाचणी आनंदाने उडालीच. "सर रागावले! मला सर रागावले!" ती सगळ्या वर्गाला सांगत सुटली. भोपळ्या धावत आला, पानाची शीळ पुढे करून. "सर, मलाही! माझंही चुकतंय!" आणि बाकीची पोरं आपापले बारीक आवाज घेऊन त्याच्यामागे रांगेत उभी राहिली.